विश्लेषण : पिस्तुलात गोळ्या किती असाव्यात? मॅगझिनच्या मर्यादेचा वाद नेमबाजीच्या मैदानातून न्यायालयात कसा पोहोचला?

स्पर्धेच्या पिस्तुलात दहा गोळ्या पुरेत की अठ्ठावीस हव्यात, हा प्रश्न वरकरणी नेमबाजांच्या आपसातल्या चर्चेचा वाटतो. मात्र अमेरिकेत तो गेली आठ-नऊ वर्षे न्यायालयात आहे, कॅनडात त्याला संसदेच्या कायद्याचा संदर्भ आहे आणि युरोपात त्यासाठी स्वतंत्र सवलतीचे कलम आहे. २० मार्च २०२५ रोजी अमेरिकेच्या नवव्या विभागीय अपील न्यायालयाने कॅलिफोर्नियातील दहापेक्षा अधिक गोळ्यांच्या मॅगझिनवरील बंदी ७ विरुद्ध ४ मतांनी वैध ठरवली. हा खटला नेमका काय आहे, नेमबाजांना जादा गोळ्या कशासाठी हव्या असतात आणि कायदा खेळाकडे कसा पाहतो, याचा हा आढावा.

मॅगझिनची क्षमता म्हणजे नेमके काय?

मॅगझिन म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत खालून बसणारी काडतुसांची डबी. तिच्या तळाशी स्प्रिंग असते. एक गोळी सुटली की ही स्प्रिंग पुढचे काडतूस वर ढकलते. ही डबी मुठीतच मावायची असल्याने तिच्यात किती काडतुसे बसतील, हे तीन गोष्टींवर ठरते : डबीची रुंदी, तिची लांबी आणि काडतुसाची जाडी.

यातली रुंदीची सुधारणा सर्वात जुनी. अमेरिकी सैन्याने १९११ मध्ये स्वीकारलेल्या कोल्ट पिस्तुलात काडतुसे एकाच रांगेत रचलेली असत आणि मॅगझिनमध्ये सातच बसत. १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवरमध्ये ती एकाआड एक, दुहेरी रांगेत बसवली गेली आणि संख्या तेरावर गेली. १९८० च्या दशकात आलेल्या ग्लॉक १७ मध्ये ती सतरा झाली. पुढे जुन्या १९११ पिस्तुलाचीच मूठ रुंद करून त्यात दुहेरी रांगेची मॅगझिन बसवण्यात आली. आज स्पर्धांत दिसणारी बहुतेक महागडी पिस्तुले याच घराण्यातली आहेत.

दुसरा मार्ग लांबीचा. मॅगझिन मुठीच्या खाली थोडी बाहेर येऊ दिली आणि तळाची टोपी उंच केली की आणखी काही काडतुसे मावतात. मात्र हे फुकट मिळत नाही. स्प्रिंगला तेवढ्याच जागेत जास्त काम करावे लागते. ती कमी पडली तर शेवटची काडतुसे वेळेत वर येत नाहीत आणि पिस्तूल ऐन स्पर्धेत अडकते. गच्च भरलेली मॅगझिन मुठीत नीट बसत नाही, हीदेखील नेहमीची तक्रार. त्यामुळे अनेक अनुभवी नेमबाज मावतात त्यापेक्षा एक-दोन काडतुसे कमीच भरतात.

ऑलिम्पिकमध्ये पाच, मग इथे अठ्ठावीस का?

मराठी वाचकाला ओळखीची नेमबाजी ऑलिम्पिकची आहे. १० मीटर एअर पिस्तुलात एका वेळी एकच छर्रा भरायचा असतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्यात पाच-पाच गोळ्यांच्या मालिका असतात. मॅगझिनमध्ये पाचापेक्षा जास्त काडतुसे भरायचीच नसतात. त्यामुळे या खेळात क्षमतेचा वादच उद्भवत नाही.

वाद आहे तो 'प्रॅक्टिकल शूटिंग' या वेगळ्या खेळात. त्याची जागतिक संघटना, इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन (आयपीएससी), १९७६ मध्ये अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या कोलंबिया येथे स्थापन झाली. जेफ कूपर हे तिचे पहिले अध्यक्ष. या खेळात नेमबाज एका जागी उभा राहत नाही. भिंती, खिडक्या, अडथळे यांतून पळत, वाकत त्याला कागदी आणि पोलादी लक्ष्यांवर नेम साधायचा असतो. अचूकता, काडतुसाची ताकद आणि वेग या तिन्हींचे गणित करून निकाल लागतो. मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद, असे त्याचे साधे सूत्र आहे.

नियमांनुसार मोठ्या फेरीत जास्तीत जास्त ३२ गोळ्या आवश्यक असू शकतात. आता हिशेब पाहा. दहा गोळ्यांच्या मॅगझिनने ३२ गोळ्या झाडायच्या तर चार मॅगझिन लागतात, म्हणजे तीन वेळा बदल. पंधराच्या मॅगझिनने दोन वेळा. अठ्ठावीसच्या मॅगझिनने एकदाच. सरावलेल्या हाताला एका बदलाला एक-दीड सेकंद लागतो.

समजा, एका नेमबाजाने १६० पैकी १६० गुण वीस सेकंदांत मिळवले. त्याचा गुणांक ८ आला. दुसऱ्याने तितकाच अचूक नेम साधला, पण उभ्या जागी एक बदल जास्त करावा लागल्याने त्याला साडेएकवीस सेकंद लागले. त्याचा गुणांक ७.४४ वर येतो. म्हणजे नेमात काडीचाही फरक नसताना सुमारे सात टक्के तोटा. अव्वल दर्जाच्या स्पर्धेत एवढ्या फरकात पदक हातचे जाऊ शकते. यात एक मेखही आहे. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पळताना मॅगझिन बदलली तर तो वेळ जवळपास फुकट मिळतो. म्हणून कुशल नेमबाज फेरी सुरू होण्याआधीच कुठे बदल करायचा हे पाठ करून ठेवतात. जादा क्षमतेचा खरा फायदा असतो तो हे नियोजन सैल ठेवता येण्यात, आणि एखादा नेम चुकला तर दुसरी गोळी झाडायला कचरावे लागत नाही यात.

मग खेळानेच मर्यादा का घातली नाही?

घातली आहे, पण प्रत्येक गटात वेगळी. आयपीएससीच्या 'ओपन' गटात मॅगझिनची लांबी १७० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. त्यात ९ मिलिमीटर व्यासाची साधारण २८-२९ काडतुसे बसतात. 'स्टँडर्ड' गटात वेगळीच युक्ती आहे. मॅगझिन लावलेले पिस्तूल २२५ बाय १५० बाय ४५ मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे. 'प्रॉडक्शन' गटात मॅगझिन कितीही मोठी असो, भरायच्या पंधराच. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघटनेचे नियम थोडे वेगळे आहेत. तिथे ओपन गटाला १७१.२५ आणि 'लिमिटेड' गटाला १४१.२५ मिलिमीटरची मर्यादा आहे. शिवाय दहाच गोळ्यांचा 'लिमिटेड १०' असा एक गटही आखला गेला, जेणेकरून बंदी असलेल्या राज्यांतील नेमबाज बरोबरीने खेळू शकतील.

लांबीची मर्यादा आली की नेमबाजांनी मोर्चा काडतुसाकडे वळवला. जुने .४५ काडतूस सुमारे साडेअकरा मिलिमीटर जाड. त्याऐवजी १९८० च्या दशकात अमेरिकेतील आघाडीचे स्पर्धक .३८ सुपर या सडपातळ पण जोरकस काडतुसाकडे वळले. ताकद तेवढीच, पण त्याच डबीत काडतुसे जास्त. स्टँडर्ड गटात मात्र जास्त ताकदीचे गुण हवे असतील तर किमान .४० व्यासाचे काडतूस लागते. तिथे नेमबाजाला निवड करावी लागते : काठावरच्या नेमालाही जास्त गुण देणारे जाड काडतूस, की संख्येने जास्त भरणारे बारीक काडतूस. थोडक्यात, खेळाने क्षमता हा डावपेचांचाच भाग मानला आहे.

कायद्याची मर्यादा कुठून आली?

खेळाच्या मर्यादा समान संधीसाठी होत्या. कायद्याच्या मर्यादा आल्या हत्याकांडांतून. अमेरिकेत १९९४ मध्ये संघराज्य पातळीवर दहापेक्षा अधिक गोळ्यांच्या नव्या मॅगझिनवर बंदी आली. ती दहा वर्षांसाठीच होती आणि सप्टेंबर २००४ मध्ये संपली. त्यानंतर हा विषय राज्यांकडे गेला. आज डझनभराहून अधिक राज्यांत मर्यादा आहे. बहुतेक ठिकाणी ती दहाची आहे. कोलोरॅडोत पंधरा, तर डेलावेअरमध्ये सतरा.

मर्यादेच्या बाजूने सर्वात जास्त सांगितले जाते ते ॲरिझोनातील टूसॉनचे उदाहरण. ८ जानेवारी २०११ रोजी तिथे काँग्रेस सदस्य गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या जनसंपर्क कार्यक्रमात एका हल्लेखोराने ३३ गोळ्यांच्या मॅगझिनने गोळीबार केला. सहा जण ठार झाले. मॅगझिन संपली आणि तो दुसरी लावू लागला, तेव्हा जमलेल्या लोकांनी त्याला खाली पाडले. ती मॅगझिन दहाची असती तर हा क्षण खूप आधी आला असता, असा युक्तिवाद केला जातो. नेमबाजासाठी जो दीड सेकंद पदक हुकवणारा, तोच समोरच्या माणसासाठी जीव वाचवणारा. या वादाचा सगळा पेच या एका वाक्यात आहे.

पण उलट उदाहरणही आहे. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जणांची हत्या झाली. त्यांत मुंबईची एक विद्यार्थिनी आणि एक भारतीय वंशाचे प्राध्यापकही होते. हल्लेखोराकडे दोन पिस्तुले आणि दहा व पंधरा गोळ्यांच्या अनेक मॅगझिन होत्या. बंद वर्गात अडकलेल्यांना त्याच्या मॅगझिन बदलण्याचा फायदा घेण्याची संधी फारशी मिळाली नाही. सर्वांकडे दहाच्याच मॅगझिन असत्या तरी या घटनेत फारसा फरक पडला नसता, असा निष्कर्ष राज्याच्या चौकशी समितीने काढला. म्हणजे मर्यादेचा परिणाम जागेवर, गर्दीवर आणि हल्लेखोराच्या तयारीवर अवलंबून असतो.

कॅलिफोर्नियाचा खटला काय?

कॅलिफोर्नियाने २००० पासून दहापेक्षा अधिक गोळ्यांच्या मॅगझिनची निर्मिती व विक्री थांबवली. नोव्हेंबर २०१६ मध्ये मतदारांनी 'प्रस्ताव ६३' मंजूर केला आणि आधीपासून बाळगलेल्या मॅगझिनवरही बंदी आली. याविरुद्ध 'डंकन विरुद्ध बोन्टा' या नावाने ओळखला जाणारा खटला उभा राहिला. वादींमध्ये कॅलिफोर्निया रायफल अँड पिस्तूल असोसिएशन आहे. ही नेमबाजीच्या स्पर्धाही घेणारी, १८७५ मध्ये स्थापन झालेली संघटना. म्हणजे खेळाच्या मैदानाशी या खटल्याचे नाते पहिल्यापासून आहे.

जिल्हा न्यायाधीश रॉजर बेनिटेझ यांनी मार्च २०१९ मध्ये ही बंदी घटनाबाह्य ठरवली. निकालाला स्थगिती मिळेपर्यंतच्या जेमतेम आठवडाभरात राज्यात मोठ्या मॅगझिनची तुफान खरेदी झाली. शस्त्रसमर्थकांत तो काळ 'स्वातंत्र्य सप्ताह' म्हणून ओळखला जातो. पुढे अपील न्यायालयाने बंदी उचलून धरली. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'ब्रुएन' खटल्यात नवा निकष दिला : शस्त्रांवरील निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी सुसंगत हवेत. त्यामुळे हा खटला पुन्हा खाली आला, बेनिटेझ यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी रद्द केली आणि मार्च २०२५ मध्ये अपील न्यायालयाने पुन्हा ती वैध ठरवली.

बहुमताच्या निकालात न्यायाधीश सुसान ग्रेबर यांनी म्हटले की, पिस्तूल चालायला मॅगझिन लागते हे खरे, पण मोठी मॅगझिन लागत नाही. त्यामुळे ती घटनेने संरक्षण दिलेले 'शस्त्र' नाही. आणि ती शस्त्र मानली तरी, दारूगोळ्याच्या साठ्यावरील जुन्या मर्यादा किंवा सापळ्यासारख्या आपोआप उडणाऱ्या बंदुकांवरील बंदी पाहता असे निर्बंध परंपरेला धरूनच आहेत. याला विरोध करताना न्यायाधीश लॉरेन्स व्हॅनडाइक यांनी अभूतपूर्व पाऊल उचलले. आपल्या दालनात पिस्तुलाचे सुटे भाग हाताळून दाखवणारा व्हिडीओच त्यांनी असहमतीच्या मताला जोडला. पिस्तुलाचा जवळपास प्रत्येक भाग बदलून अधिक चांगला बसवता येतो. मग प्रत्येक चांगला भाग 'अनावश्यक' ठरवून त्यावर बंदी घालता येईल, हा त्यांचा मुद्दा. सहकारी न्यायाधीशांनी मात्र या पद्धतीवर कठोर टीका केली.

या युक्तिवादात खेळ कुठे आहे?

खरे तर फारसा कुठेच नाही. अमेरिकी घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीचा गाभा आत्मसंरक्षण आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या 'हेलर' निकालात सांगितले. म्हणून न्यायालयातला सगळा वाद 'घरात चोर शिरला तर किती गोळ्या लागतात' याभोवती फिरतो. आत्मसंरक्षणात सरासरी दोन-तीनच गोळ्या झाडल्या जातात, अशी माहिती राज्याच्या तज्ज्ञांनी मांडली. स्पर्धेत मात्र एका फेरीत ३२ गोळ्या लागतात आणि हे नियमपुस्तकात लिहिलेले आहे. म्हणजे जिथे जादा गोळ्यांची गरज कागदावर सिद्ध करता येते, त्या खेळाला घटनेच्या तराजूत वजन कमी. आणि जिथे वजन जास्त, त्या आत्मसंरक्षणात ही गरज सिद्ध करणे अवघड. शस्त्रसमर्थक संघटना खेळाचा मुद्दा पुढे न करता आत्मसंरक्षणावरच भर देतात, त्याचे कारण हेच.

राज्यांच्या बाजूनेही एक अडचण आहे. खेळासाठी सवलत द्यायची तर खेळाडू कोण, हे ठरवणार कसे? महिन्यातून एकदा क्लबात जाणारा हौशी नेमबाज आणि राष्ट्रीय स्पर्धक यांच्यात रेषा कोण ओढणार?

इतर देशांनी काय मार्ग काढला?

युरोपीय संघाने ही रेषा ओढून पाहिली. नोव्हेंबर २०१५ च्या पॅरिस हल्ल्यांनंतर वेग आलेल्या २०१७ च्या निर्देशानुसार वीसपेक्षा अधिक गोळ्यांची मॅगझिन लावलेले पिस्तूल प्रतिबंधित वर्गात जाते. मात्र सदस्य देश क्रीडा नेमबाजांना सूट देऊ शकतात. अट अशी की, नेमबाजाने मागील बारा महिने नियमित सराव केल्याचे संघटनेने प्रमाणित करावे आणि ते शस्त्र आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेने मान्य केलेल्या प्रकाराला आवश्यक असावे. चेक प्रजासत्ताकाने या निर्देशाला युरोपीय न्यायालयात आव्हान दिले, पण ते डिसेंबर २०१९ मध्ये फेटाळले गेले. संघाचा सदस्य नसलेल्या स्वित्झर्लंडनेही मे २०१९ च्या सार्वमतात सुमारे ६४ टक्के मतांनी हे नियम स्वीकारले.

ऑस्ट्रेलियाने सूट न देता खेळच बदलायला लावला. ऑक्टोबर २००२ मध्ये मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातील गोळीबारानंतर पिस्तुलांना दहा गोळ्यांची मर्यादा आली. तिथले प्रॅक्टिकल नेमबाज तेव्हापासून दहावरच खेळतात. खेळ बंद पडला नाही. मात्र परदेशातल्या खुल्या स्पर्धेत उतरताना त्यांना सवयी बदलाव्या लागतात.

कॅनडात दहाची मर्यादा १९९० च्या दशकापासून आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये तर पिस्तुलांची खरेदी-विक्री व हस्तांतरच गोठवण्यात आले आणि डिसेंबर २०२३ च्या कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब झाले. सूट मिळाली ती ऑलिम्पिक व पॅरालिम्पिक प्रकारांच्या नेमबाजांना आणि प्रशिक्षकांना. प्रॅक्टिकल शूटिंग ऑलिम्पिकमध्ये नाही, त्यामुळे त्याला सूट नाही. जुने परवानाधारक खेळू शकतात, पण नव्याने या खेळात येणाऱ्याला स्वतःचे पिस्तूल घेता येत नाही. इथे मॅगझिनची मर्यादा जुनीच राहिली, आणि खेळ आटण्याची वेळ आली ती नवे खेळाडू थांबल्याने.

भारतात काय स्थिती?

भारतात शस्त्र बाळगणे हा घटनात्मक हक्क नाही. १९५९ चा शस्त्र कायदा परवान्यावर उभा आहे. चाप दाबून धरल्यावर आपोआप गोळ्या सुटत राहणारी शस्त्रे आणि ९ मिलिमीटरची पिस्तुले सामान्य नागरिकाला प्रतिबंधित आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाकडील शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली, पण खेळाडूंसाठी वेगळ्या सवलती ठेवल्या. आपल्याकडील स्पर्धा मुख्यतः ऑलिम्पिक प्रकारांच्या असल्याने मॅगझिनच्या क्षमतेपेक्षा परवाना, काडतुसांचा कोटा आणि शस्त्रांची आयात हेच खेळाडूंचे प्रश्न राहिले आहेत.

पुढे काय?

२ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऱ्होड आयलंडच्या अशाच बंदीविरुद्धची याचिका सुनावणीला घेण्यास नकार दिला. त्याआधी मे महिन्यात वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्या राज्याची बंदी कायम ठेवली होती. कॅलिफोर्नियाच्या वादींनीही सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. तिथे वादींच्या बाजूने निकाल लागला तर राज्याराज्यांच्या मर्यादा एका फटक्यात कोसळू शकतात. बंदी टिकली तर कॅलिफोर्नियातला नेमबाज शेजारच्या ॲरिझोनात खेळायला गेला, तर समोरच्याच्या अठ्ठावीससमोर आपल्या दहा गोळ्या घेऊनच उभा राहील. युरोपाच्या धर्तीवर खेळाडूंना प्रमाणपत्रावर सूट देण्याचा मधला मार्ग उपलब्ध आहे. पण त्यासाठी एका बाजूला खेळ हे स्वतंत्र कारण मानावे लागेल आणि दुसऱ्या बाजूला सरकारी नोंदणी स्वीकारावी लागेल. अमेरिकेत सध्या या दोन्ही गोष्टींना दोन्ही बाजूंची तयारी दिसत नाही.